‘अभ्यासिकेत आहे’ असं किती दिवस सांगशील?

प्रश्न : ताई, मी लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यातली. छत्रपती संभाजीनगरला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. औरंगपुऱ्याजवळ खोली करून आम्ही तिघी राहतो. गावाकडं असताना रात्री आठनंतर मी कधी एकटी अंगणाबाहेर गेले नव्हते. इथं आल्यावर कॉलेजच्या एकांकिकेत घेतलं, तालीम रात्री साडेदहापर्यंत चालते. वर्गातल्या मुलांमुळं आकाश बघायचा नाद लागला. डिसेंबरात आम्ही सात-आठ जण उल्का बघायला म्हैसमाळला गेलो आणि पहाटे चारला परत निघालो. ज्याच्या गाडीवर मी बसले त्यानं थोडी घेतली होती, पण काही झालं नाही. रमजानमध्ये बुढीलेनला नान-खलिया खाल्ला. पेपर संपले त्या रात्री दोन वाजता चहाला बाहेर पडलो. इतकी मजा मला आयुष्यात कधी आली नव्हती. पण रोज रात्री नऊला आईचा फोन येतो, तेव्हा मी तालमीतून उठून जिन्यात जाते आणि ‘अभ्यासिकेत आहे’ म्हणते. सगळ्यांनी मिळून दुर्बीण घेतली, माझ्या वाट्याचे १५०० रुपये मी आण्णांकडून पुस्तकांसाठी म्हणून मागवले. आमचं सोयाबीन पावसानं गेलंय. मागच्या सेमिस्टरला माझा एक विषयही राहिला. आता चुलतभावानं मला निराला बाजारात रात्री मुलांसोबत बघितलं आणि ‘काकांना सांगू का?’ म्हणतोय. तो सांगायच्या आधी मी हे सगळं सोडून देऊ का? मी वाया चाललेय का?
– एक विद्यार्थिनी

उत्तर : तुझं पत्र मोठं होतं, इथं गरजेपुरतंच छापलं आहे. मी मात्र सगळं वाचलं, आणि शेवटच्या प्रश्नापासूनच सुरुवात करते. नाही पोरी, तू वाया चाललेली नाहीस. एकोणीस-वीस वर्षांची मुलगी नाटकात काम करते, थंडीत कुडकुडत उल्का मोजते, मैत्रिणींसोबत शहर पायाखाली घालते, यात वाया जाण्यासारखं काय आहे? आपल्याकडं मुलीला शिकायला बाहेर ठेवायची तयारी होते, पण तिनं खोली ते कॉलेज आणि कॉलेज ते खोली एवढंच करावं अशी अपेक्षा असते. मला ती कधीच पटली नाही. पदवीसोबत शहरही शिकायचं असतं.

पण तुझ्या पत्रातली एक ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. ‘त्यानं थोडी घेतली होती, पण काही झालं नाही.’ ही ओळ तू नान-खलिया आणि चहाच्या रांगेत बसवून पुढं गेलीस. मी नाही जाऊ शकत. म्हैसमाळचा घाट, पहाटेचे चार, रात्रभर न झोपलेला आणि वरून प्यायलेला मुलगा गाडीवर, आणि त्याच्या मागं तू. डोक्यावर हेल्मेट होतं की नाही, तेही लिहिलेलं नाहीस. सगळ्या पत्रात मला घाबरवणारी गोष्ट ही एकच आहे. चुलतभाऊ, राहिलेला विषय, १५०० रुपये, हे सगळं निस्तरता येतं.

म्हणून एवढं माझं ऐकच. पिऊन गाडी चालवणाऱ्याच्या मागं बसायचं नाही. तो कितीही जवळचा मित्र असो, उशीर होवो, बाकीचे ‘काय भाव खातीस’ म्हणोत. ‘तू घेतलीयंस, मी बसणार नाही’ एवढंच मोठ्यानं म्हणायचं. तू म्हणालीस की आणखी एखादी म्हणेल. तिलाही भीती वाटतच असते, फक्त पहिल्यांदा बोलायचा संकोच असतो. दुसरं म्हणजे, परत कसं यायचं हे निघायच्या आधी ठरलेलं पाहिजे. मिथुन राशीतल्या त्या उल्का सगळ्यात जास्त दिसतात त्या १३-१४ डिसेंबरच्या मध्यरात्रीनंतर, रास डोक्यावर येते तेव्हा, साधारण दोनच्या सुमाराला. म्हणजे नीट बघायच्या असतील तर रात्र जागावीच लागते, आणि जागरण झाल्यावर न प्यायलेल्या माणसालाही घाटात डुलकी लागते. मग चारला निघायची घाई कशाला? सात-आठ जणांनी मिळून जीप ठरवा, चालवणारा गाडीतच झोपू दे, तुम्हीही दोन तास पडा आणि चांगलं उजाडल्यावर निघा. शहर चाळीसेक किलोमीटरवर आहे, ते कुठं पळून जात नाही. सोबत एखादे सर किंवा मॅडम असतील तर फारच चांगलं. एमजीएम विद्यापीठाच्या आवारात अंतराळ विज्ञान केंद्र आहे, तिथं जाऊन आकाशदर्शनाचे कार्यक्रम कधी असतात ते विचार. खोलीवरच्या मैत्रिणीला तुझं लोकेशन दिसत राहील असं ठेव, आणि अडचणीत मदतीसाठीचा ११२ हा नंबर तोंडपाठ असू दे.

आता खोटं बोलण्याकडं येऊ, कारण ते याच रात्रीला जोडलेलं आहे. समजा त्या पहाटे घाटात काही झालं असतं. आण्णा औशाहून निघाले असते, सहा-सात तासांचा रस्ता कापून आले असते आणि तुला अभ्यासिकेत शोधत बसले असते. तू कुठं आहेस, कुणासोबत आहेस, हे घरातल्या एकाही माणसाला माहीत नव्हतं. मला तुझ्या ‘अभ्यासिकेत आहे’ची अडचण वाटते ती या कारणानं. चुलतभावाच्या हातात जी दोरी आहे तीही तूच दिलीस. निराला बाजारात रात्री दहाला दिसणं हा काही गुन्हा नाही, त्या वेळी तिथं बायका-पोरं घेऊन घरंच्या घरं आइस्क्रीम खात असतात. त्याच्याकडं सांगण्यासारखं काही आहे, ते एवढ्यासाठी की तू ते सांगितलेलं नाहीस. तू सांगून मोकळी झालीस की तो काय सांगणार?

तेव्हा त्याच्या आधी तू सांग. पण छंद सोडून नव्हे. सोडून सांगितलंस तर चूक केल्याची कबुली ठरेल, आणि पुढच्या वर्षी दुसरं काही करावंसं वाटलं की पुन्हा जिन्यात जाऊन फोन घेशील.

आधी आईला सांग. रात्री नऊच्या फोनवर नको, तेव्हा ती दिवसभराची दमलेली असते आणि तुझ्या पाठीमागं गलका असतो. दुपारी भांडीधुणी आटोपल्यावर कर. आणि सरळ आपल्या बोलीत बोल : ‘आई, मी रोज तुला अभ्यासिकेत हाय म्हणत होते, ते खरं नव्हतं. कॉलेजच्या नाटकात हाय मी. तालीम साडेदहापर्यंत असतीय. येताना आम्ही तिघी संगंच येतोत.’ ती पहिला प्रश्न विचारेल तो मुलं असतात का हा. असतात, म्हणून सांग. दुसरा प्रश्न, लोक काय म्हणतील. त्याचं उत्तर तुझ्याकडं नाही आणि माझ्याकडंही नाही, तिथं गप्प ऐकून घे. रडेल, चिडेल, दोन दिवस फोन करणार नाही. करेल तिसऱ्या दिवशी.

रात्री बाहेर राहणं तिला अगदीच परकं आहे असं समजू नकोस. गावात अखंड हरिनाम सप्ताह बसला की रात्रीचं कीर्तन आणि त्यानंतरचा जागर ऐकायला बायका लेकरं मांडीवर घेऊन बसतात. कोजागरीला तुळजापूरला पायी जाणाऱ्यांत किती तरी आयाबाया असतात, रात्र-रात्र चालतात. देवीचा गोंधळ तर रात्रीचाच. आपल्या आयांनी रात्री जागवल्या आहेत आणि त्यांना त्या आवडल्याही आहेत. फरक एवढाच, की तेव्हा कोण कुठं बसलंय हे सगळ्या गावाला ठाऊक असायचं, सोबत असायची आणि घरी पोचायची चिंता नसायची. आईला तेवढंच हवं आहे. जागा, सोबत आणि परतीची वेळ. दोघी मैत्रिणींचे नंबर तिला दे, नाटक बसवणाऱ्या सरांचा दे. तालमीतून एखाद्या दिवशी व्हिडिओ कॉल कर आणि सगळ्यांना दाखव. ज्या गलक्यापासून तू फोन लपवत होतीस, तो गलकाच तिला ऐकू दे.

म्हैसमाळहून परत येतानाचं सांगायचं का? मला विचारशील तर, पुन्हा तसं करणार नाहीस अशी तुझी खात्री असेल तर आजच्या फोनवर ते नको. खोटं बोलणं वेगळं आणि प्रत्येक भीती आईच्या पदरात टाकणं वेगळं. म्हैसमाळला गेले होते, रात्रभर होतो, मुलंही होती, एवढं मात्र सांग.

१५०० रुपयांचं आईकरवी सांगू नकोस, आण्णांना स्वतः सांग. सोयाबीन पाण्यात गेलेल्या वर्षी त्यांनी ते कुठून आणले असतील हे तुला माहीत आहे, पत्रात ती ओळ लिहिताना तुझं अक्षर बदललंय. नाटकाचं कळल्यावर ते चिडतीलच असं नाही; पैशाचं दुसऱ्याकडून कळलं तर मात्र मनाला लागेल. दुर्बिणीला दिले म्हणून सांग आणि फेडेन म्हणून सांग. विद्यापीठाच्या ‘कमवा आणि शिका’ योजनेची चौकशी कर, नाहीतर शेजारपाजारच्या आठवी-नववीच्या मुलांना गणित-विज्ञान शिकव. दोन-तीन महिन्यांत तेवढे निघतील. ते नको म्हणतील, तरी दे. आणि पुढं पैसे ज्या कामाला मागशील त्याच कामाला लाव.

राहिलेल्या विषयाचं मी फार बोलणार नाही, कारण तुझं तुला कळलेलं दिसतंय. फक्त एक हिशेब मांड. मागच्या सेमिस्टरच्या शेवटच्या महिन्यात कुठल्या रात्री तालमीच्या होत्या आणि कुठल्या नुसत्या गाडीवर फिरण्याच्या? मला वाटतं, तालमीनं तुझा विषय घालवलेला नाही. तालीम साडेदहाला सुटते. साडेदहा ते दोन या वेळात काय झालं ते बघ. पेपर संपल्यावरचा रात्री दोनचा चहा मला मान्य आहे, त्याची चव वेगळीच असते. पेपर तोंडावर असतानाचा नाही. उन्हाळ्यात तो विषय काढ, त्याच्याआधी दुसरं काही नको.

नाटक सोडायचा विचारही करू नकोस. तुझ्या शहराला या बाबतीत मोठी परंपरा आहे. चंद्रकांत कुलकर्णी, प्रशांत दळवी ही नावं तुला ठाऊक असतील. त्यांची ‘जिगीषा’ ही नाट्यसंस्था याच शहरातल्या तरुण पोरांनी उभी केली आणि मग ती मंडळी मुंबईत जाऊन मराठी रंगभूमी गाजवायला लागली. तू नटी व्हावंस असं मी म्हणत नाही. पण अनोळखी दोनशे माणसांपुढं उभं राहून आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचवता येणं हे आपल्याकडच्या मुलींना कुणी शिकवत नाही, आणि पुढं नोकरीच्या मुलाखतीत, सासरी, ग्रामसभेत, सगळीकडं ते लागतं. प्रयोग ठरला की आई-आण्णांना बोलव. एसटीत बायकांना तिकीट निम्मं आहे, रात्रीच्या गाडीनं निघाले तर सकाळी पोचतील.

आणि आकाश. पत्रात तू यावर दोन पानं लिहिलीस, गुरूचे चार चंद्र दुर्बिणीतून पहिल्यांदा दिसले तेव्हा हात थरथरत होता आणि चंद्रही थरथरत होते, मग गच्चीच्या कठड्यावर कोपर टेकवलं तसे ते एका रेषेत स्थिर झाले, असं. हेच चार चंद्र गॅलिलिओनं १६१० मध्ये बघितले. तुमची ती १०×५० ची, म्हणजे दहा पट मोठं दाखवणारी दुर्बीण त्याला पुरेशी आहे. वाचताना मला जाणवलं की बाकी सगळं तू मैत्रिणींसोबत करतेस, हे मात्र एकटीनंही करशील. असं काही सापडणं भाग्याचं असतं. ते लपवून ठेवू नकोस.

विशेषतः आण्णांपासून. तूच लिहिलंस की रात्रपाळीची लाईट असली की ते हरभरा भिजवायला रात्री शेतात जातात. तुझ्या सात-आठ जणांच्या गटानं सगळं मिळून जेवढं आकाश बघितलं असेल, त्याहून जास्त त्यांनी एकट्यानं बारे धरता धरता बघितलंय. हिवाळ्यात तिकांडं, म्हणजे एका ओळीतले ते तीन तारे, कुठं आलं यावरून किती रात्र उरली हे सांगणारी माणसं आपल्या गावोगाव आहेत. सप्तर्षीला कुणी म्हातारीचं खाटलं म्हणतं. चार तारे खाटेचे खूर आणि मागचे तीन तिच्यावर टपलेले चोर. आण्णांना विचार त्यांच्याकडं काय म्हणतात. उन्हाळी सुट्टीत घरी जाशील तेव्हा रात्री गच्चीवर अंथरुणं पडली की सप्तर्षी उत्तरेला वर आलेला असेल. त्याच्या शेपटाची, म्हणजे त्या तीन चोरांची, कमान तशीच पुढं ओढली की स्वाती, आणखी पुढं चित्रा. हे तू त्यांना दाखव. तुझ्या गावातून ते शहरापेक्षा कितीतरी चांगलं दिसेल, कारण शहराच्या दिव्यांत बारके तारे बुडून जातात. डोळ्यांना फक्त वीसेक मिनिटं अंधाराची सवय होऊ दे, मोबाईल बाजूला ठेव.

मग त्यांना मृगाचं विचार. जूनच्या सात-आठ तारखेला मृग निघतो, आण्णा त्यावर पेरणीचा अंदाज बांधतात, पण त्या दिवसांत मृगाचे तारे रात्री दिसत नाहीत. का? कारण सूर्यच तेव्हा त्या ताऱ्यांपाशी असतो, ते उजेडात उगवतात आणि उजेडात मावळतात. तेच तारे डिसेंबरात रात्रभर आकाशात असतात, हरभरा भिजवताना त्यांना जे तिकांडं दिसतं ते मृगातलंच. पंचांगातलं नक्षत्र आणि शेतात दिसणारं नक्षत्र यांची सांगड तू घालून दिलीस तर तुझ्या बी.एस्सी.चा उपयोग त्यांना कुठल्याही मार्कशीटपेक्षा जास्त कळेल, असं मला मनापासून वाटतं. दुर्बिणीच्या १५०० रुपयांचं तू सांगशील तेव्हा दुर्बीणही सोबत घेऊन जा. एका सुट्टीपुरती मित्र नाही म्हणणार नाहीत.

एक शक्यता मला झाकायची नाही. कदाचित आण्णा म्हणतील, ‘बास झालं, ये घरी.’ किंवा तुझ्या लग्नाचा विषय निघेल. आपल्या भागात असं होतं आणि त्याची भीती तुझ्या पत्रात मला ओळीओळीत दिसली. म्हणूनच सांगायला जाशील तेव्हा रिकाम्या हातानं जाऊ नकोस. राहिलेल्या विषयाचा अभ्यास कुठवर आला, परीक्षा कधी, हे सांगता आलं पाहिजे. तुझ्या विषयाच्या एखाद्या मॅडमना आधी भेट आणि गरज पडली तर आण्णांशी बोलाल का म्हणून विचार. गावाकडं शिक्षकाच्या शब्दाला अजून मान आहे. घरात तुझ्या बाजूनं बोलणारं कुणी असेलच, आत्या, मामा, आजी. त्यांना आधी विश्वासात घे. आणि पदवी पूर्ण करणारच, हे वाक्य आवाज न चढवता पण न डगमगता बोल. नाटकात शिकलीसच आहेस.

चुलतभावाला वेगळं काही सांगायची गरज नाही. पुन्हा विचारलं तर म्हण, ‘मी सांगितलंय दादा, तूही सांग.’ त्यानं काळजीनं विचारलं असेल तर त्याला बरं वाटेल. धाक दाखवायला विचारलं असेल तर विषय तिथं संपेल.

शेवटी एक सुचवते. येळवशीला तुझ्या दोघी मैत्रिणींना गावी ने. लातूर-धाराशिवकडची वेळ अमावास्या बाहेरच्यांना ठाऊक नसते. कडब्याची खोप, शेंगांतल्या हिरव्या दाण्यांची भज्जी, उंडे, आंबील, सगळं गाव शेतात, आणि संध्याकाळी पेटती पेंडी घेऊन पिकाभोवती फिरणं, हे त्यांनी बघायलाच हवं. मार्गशीर्षातली अमावास्या असल्यानं चंद्राचा उजेड नसतो, म्हणजे आकाशासाठी वर्षातल्या चांगल्या रात्रींपैकी ती एक. तू ज्यांच्यासोबत रात्री बाहेर असतेस त्या मुली कोण, कुणाच्या, कशा, हे आईला त्या दिवशी जेवढं कळेल तेवढं फोनवर वर्षभरातही कळणार नाही. किती जणी येणार ते मात्र चार दिवस आधी कळव, भज्जीच्या शेंगा आदल्या रात्री सगळ्या घरानं बसून सोलाव्या लागतात.